लगाम धरणारे हात

पुढच्या चाकात चाळीस तारा होत्या, त्यांतल्या सदतीस उरल्या आहेत. मागच्या चाकात हवा नाही. दिवा एक, त्याला काच नाही आणि त्याच्या खोबणीत चिमणीचं घरटं आहे. सीटखाली तीन स्प्रिंगा. लिव्हर दोन: डाव्या हाताला क्लचची, उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची. मित्रांनो, एवढा ऐवज मिळून जी होते ती मी, धाराशिवच्या पोलीस मुख्यालयातली जुनी मोटारसायकल. पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. पावसाळ्यात अंगावर पाणी गळतं. पहिल्या वर्षी ते जाणवायचं, आता जाणवत नाही.

माझा जन्म परदेशात, लढाईच्या काळात झाला. तेव्हा माझा रंग हिरवा होता. जहाजानं मुंबईला आणि रेल्वेनं हैदराबादला आले. पुढं संस्थान विलीन झालं, सामानाची वाटणी झाली आणि खाकी रंग लावून मला इथं पाठवलं. मुख्यालयाला रस्त्यावरच्या बंदोबस्तासाठी मोटारसायकलवाले शिपाई हवे होते. त्यांना शिकवण्याचं काम बिभीषण हवालदारांकडं आलं आणि मी त्यांच्याकडं आले.

बिभीषणना मोटारसायकलीचं वेड होतं. रविवारी सुट्टी असली तरी ते यायचे, तेलाच्या फडक्यानं माझी एकेक तार पुसायचे. कवायतीच्या मैदानात चुन्याच्या फक्कीनं भला मोठा आठाचा आकडा काढायचे आणि पाय न टेकता त्यावरून मला फिरवायचे. टाकीवर पाण्यानं भरलेला पितळी पेला ठेवून मैदानाला फेरी मारायचे. लोक कुंपणाला टेकून बघायचे. खंडोबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला आम्ही अणदूरला गेलो, तेव्हा सपाट रस्त्यावर ते माझ्या पाय ठेवायच्या दांड्यांवर उभे राहिले, हात पसरले आणि ओरडले, "अरे, हिच्यापुढं राजाची पालखी काय करती!" ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. ते तसे होते एवढं मला माहीत आहे.

मग मुख्यालयाचं घोडदळ मोडलं. घोडे विकले गेले आणि स्वारांना मोटारसायकल शिकायचा हुकूम आला. पहिला आला शिवशरण. हसरा, पंचविशीतला. तो चार दिवसांत आठाचा आकडा शिकला, परीक्षा पास झाला आणि माझ्यावर बसून तुळजापूरच्या रस्त्याला लागला. एका वळणावर बिरू धनगराची मेंढरं आडवी आली. शिवशरणनं दोन्ही लिव्हर एकदम आवळल्या. रस्त्यावर मुरूम होता. माझं पुढचं चाक जागीच अडलं, मी डावीकडं पडले आणि शिवशरण मैलाच्या दगडावर आदळला. एकही मेंढरू मेलं नाही. माझं हँडल वाकलं, ते सरळ केलं गेलं. मला नवा दिवा मिळाला. शिवशरणला चादरीत गुंडाळून त्याच्या गावी नेलं.

त्यानंतर बिभीषण माझ्यावर बसले नाहीत. ते वेळेवर कामावर यायचे. कुणी बोललं तर उत्तर द्यायचे. डबा खायचे. रविवारी यायचे बंद झाले. माझ्या तारांवर गंज धरला आणि तो गंज त्यांना दिसायचा, कारण ते रोज माझ्या शेजारून जायचे.

असं वर्षभर चाललं. मग उत्तरेश्वर आले.

उत्तरेश्वर हे घोडदळातले सगळ्यात जुने स्वार. वय पंचेचाळिशीच्या पुढं, मिशा पांढऱ्या. बिभीषण हुद्द्यानं मोठे, पण वयानं लहान, म्हणून ते उत्तरेश्वरांना मामा म्हणायचे. उत्तरेश्वरांची बायको गजराबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. तिची उजवी बाजू बधिर होती. पोलीस लाइनीतली त्यांची खोली दवाखान्याच्या समोरच होती, डॉक्टर चालत यायचे. परीक्षा पास झाले तर उत्तरेश्वर इथंच राहणार होते. नापास झाले तर म्हैसूर राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर बदली, आणि खोली सोडायची. तिकडं जवळपास दवाखाना नव्हता.

परीक्षा साधी होती. ताशी पंचवीस मैलांच्या वेगानं यायचं. पुढचं चाक फक्कीच्या रेषेवर आलं की फौजदार लाल रुमाल खाली टाकणार. तिथून सत्तर फुटांच्या आत, न पडता थांबायचं.

पहिल्या सरावाला उत्तरेश्वर पडले. दुसऱ्यालाही. दरवेळी डावीकडं, दरवेळी पुढचं चाक अडून. कुंपणावरून बंडप्पा शिपाई ओरडला, "मामा, गाडीला हरभरे भिजत घातले का न्हाय?"

"घातलेत की," उत्तरेश्वर कोपराची माती झाडत म्हणाले. "उरले तर तुला देतो."

सगळे हसले. बिभीषण हसले नाहीत. ते माझ्या पुढच्या चाकानं मुरमात ओढलेली रेघ बघत उकिडवे बसले होते.

"मामा, लगाम हाय का तुमच्याकडं अजून?"

"हाय. का?"

"घेऊन या पागेत."

पागा रिकामी होती. बिभीषणांनी मलाही ढकलत तिथं नेलं. खोगीर ठेवायची लाकडी घोडी भिंतीशी पडली होती, तिच्यावर त्यांनी उत्तरेश्वरांना बसवलं. लगामाचं टोक खांबाच्या कडीत अडकवलं आणि दुसरी बाजू त्यांच्या हातात दिली.

"आता काय करू? टाच मारू?" उत्तरेश्वर म्हणाले. "खांब धावंल का?"

"बसा नुसतं. गजरामामींची तब्येत कशी हाय?"

"हाय तशीच. काल जरा पेज—"

बिभीषणांनी मागून बादलीवर लाथ मारली. पत्र्याचा मोठा आवाज झाला. लगाम ताणला गेला.

"काय केलंत मामा?"

"म्या? काय बी न्हाय. दचकलो."

"हात बघा."

उत्तरेश्वरांनी खाली बघितलं. दोन्ही मुठी घट्ट आवळून पोटाशी आल्या होत्या. माझ्या दोन लिव्हर नेमक्या तिथंच असतात, मुठींच्या आत. डावी आवळली की इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध तुटतो. उजवी आवळली की पुढचं चाक थांबतं. दोन्ही एकदम आवळल्या की मागून धरून ठेवणारं काही राहत नाही. घोडा अशा ओढीनं थांबतो. मी पडते.

"तीस वर्षं असंच केलं," उत्तरेश्वर हळू म्हणाले. "शिवशरणचे बी हात असेच आले असतील."

"आले असतील. मला घोडा येत न्हवता, मामा. म्या त्याला नुसती गाडी शिकवली." बिभीषणांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "उठा. गाडीवर बसा. लिव्हरवर दोन दोनच बोटं. बाकीची दांडीला. आणि आधी डावा पाय, मागच्या ब्रेकवर. मग बोटं."

उत्तरेश्वरांनी बोटं ठेवून बघितली. "नाजूक तोंडाची घोडी असती ना, तिला असंच धरत्यात."

"मग तसंच धरा."

मैदानात पुन्हा सराव सुरू झाला. बोटं दोन राहायची, पण अचानक रुमाल दिसला की चारी यायची. उत्तरेश्वर आणखी एकदा पडले. उठून म्हणाले, "हवालदार, माझ्यानं व्हायचं न्हाय. मी घरी जाऊन बांधाबांध करतो."

बिभीषणांनी मला उचललं. मग माझ्या मागच्या कॅरिअरवर बसले. वर्षभरानं त्यांचं वजन माझ्यावर आलं. मागच्या टायरनं ते ओळखलं, म्हणजे टायर थोडं दबलं.

"उतरा, साहेब. पडलो तर लागंल तुम्हाला."

"पडलो तर दोघं पडू. चला."

त्या दुपारी आम्ही पडलो नाही. बिभीषण मागून कधी खांद्यावर थाप मारायचे, कधी कानाशी ओरडायचे. आधी पाय यायचा, मग दोन बोटं.

मित्रांनो, परीक्षेच्या सकाळी बिभीषणांनी माझ्या ब्रेकच्या केबलमध्ये तेल सोडलं, तारा ओढून बघितल्या, हवा तपासली. तुमच्या घरी सायकल असेल तर तुम्हीही एवढं करा. केबल कोरडी ठेवू नका. आणि कुणाला काही शिकवायचं झालं, तर त्याचे हात आधी कशाला सरावले आहेत ते विचारून घ्या. यंत्राला हे सांगता येत नाही. मी पडते, एवढंच मला सांगता येतं.

फौजदार वसंतराव रेषेच्या बाजूला रुमाल वर धरून उभे होते. बंडप्पा कुंपणाशी होता. लाइनीतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे गजराबाईंना इंजिनाचा आवाज ऐकू जाईल. काटा पंचविसावर स्थिर झाला. पुढचं चाक रेषेवर आलं आणि रुमाल खाली पडला.

डावा पाय दाबला गेला. मग उजव्या लिव्हरवर दोन बोटं आली. मुरूम उडाला, मागचं चाक किंचित हललं आणि परत रेषेत आलं. मी थांबले तेव्हा उभी होते. उत्तरेश्वरांनी लिव्हरवरची बोटं काढली नाहीत, जोवर फौजदारांनी सांगितलं नाही.

टेपचं एक टोक वसंतरावांनी फक्कीच्या रेषेवर धरलं. दुसरं टोक बिभीषणांनी माझ्या पुढच्या चाकापाशी आणलं, गुडघे टेकले आणि आकडा वाचला.

अडुसष्ट फूट चार इंच.