लिंडग्रोव्हची शेवटची बदली

मार्लिस ट्वाइट ही हरायला सरावलेली बाई होती. ब्लफलँड कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटातल्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेत लिंडग्रोव्ह कॉलेज अगदी पहिल्या वर्षापासून खेळत आलं. अंतिम सामन्यापर्यंत कितीदा तरी पोचलं आणि दरवेळी हात हलवत परत आलं. आधी खेळाडू म्हणून, मग कोच म्हणून मार्लिसने ते सगळं गिळलं. हरल्यावर म्हणायला तिच्याकडे एक वाक्य असायचं, 'पुढच्या वर्षी बघू.' यंदा तेवढीही सोय उरली नव्हती. मे महिन्यात कॉलेजच कायमचं बंद होणार होतं. विश्वस्तांनी मुलींना तसं कळवलं, तेही ईमेलने. समोर येऊन सांगायची धमक कुणात होती?

आणि आज, नोव्हेंबरच्या हाडं गोठवणाऱ्या दुपारी, ब्रॅकेट कॉलेजच्या मैदानावर त्यांच्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात लिंडग्रोव्ह एका गोलने पुढे होतं. शेवटची पाच मिनिटं उरली होती. जिंकलं तर चषकावर नाव लागणार आणि पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धा. हरलं तर संघच संपला.

"कोच, कॉरिनचं काय?" किपने विचारलं. किप ऑस्टरहाउस तिचा सहायक. सामना रंगात आला की तोंडात सूर्यफुलाच्या बिया कोंबून बसायचा.

लिंडग्रोव्हची एक रीत होती. चौथ्या वर्षाची मुलगी, मग ती खेळात कितीही सुमार असो, आपल्या शेवटच्या सामन्यात मैदानात पाय ठेवल्याशिवाय घरी जायची नाही. रीत मार्लिसनेच घातलेली. पहिली स्पर्धा भरली ती मार्लिसबरोबर खेळणाऱ्या व्हर्ना पोल नावाच्या मुलीच्या खटपटीमुळे. इतर कॉलेजांच्या मागे लागली ती व्हर्ना. मुलांच्या संघाचे बगलेत फाटलेले जुने शर्ट मागून आणले तिने. मैदानावर रेषा मारायला चुना मिळेना, तर स्वयंपाकघरातलं पीठ उचलून आणलं तिनेच. आणि अंतिम सामन्यात त्या वेळच्या कोचने तिलाच शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, का तर म्हणे हळू धावते. सामना हरलेच. व्हर्ना एका बाजूला बसून शर्टांच्या घड्या घालत राहिली. त्या माणसाचा मार्लिसला आजही राग येई.

कॉरिन ग्रुंडी चौथ्या वर्षाची. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. खेळायला डॉक्टरांनी होकार दिला तो ऑक्टोबरात, आणि तेव्हापासून एकही सामना सोपा गेला नव्हता. ती बाकावरून घसा फुटेपर्यंत ओरडायची, बाटल्या भरायची, मैदानात मात्र उतरली नव्हती. तिची आई आज सगळ्या संघासाठी परातभर लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, घेऊन नेब्रास्काहून गाडी हाकत आली होती.

"आत्ता नाही," मार्लिस म्हणाली. "पुढे असलेल्या संघाने आता बदली केली तर घड्याळ थांबवतात. मला ते पळायला हवंय."

"मग कधी?"

"जिंकलो तर हा तिचा शेवटचा सामना नाहीच मुळी. पुढच्या आठवड्यात खेळेल."

"आणि हरलो तर?"

"किप, तू बिया चाव."

कॉरिनने जॅकेट काढून ठेवलेलंच होतं. "कोच, मी तयार आहे हं! मघापासून उड्या मारतेय."

"पुढच्या आठवड्यात, बाळा. शब्द देते."

"वा! म्हणजे एकदम राष्ट्रीय स्पर्धेतच? ऐटच की माझी!" कॉरिन हसली आणि तिने जॅकेट पुन्हा चढवलं. चेन मात्र लावली नाही.

लाउडस्पीकरवर शेवटचे दहा सेकंद मोजायला सुरुवात झाली. ब्रॅकेटच्या मुलीने कोपऱ्यावरून चेंडू मारला, तो लिंडग्रोव्हच्याच एकीच्या कमरेला लागून जाळ्यात गेला. मोजणारा तेव्हा 'चार'वर होता.

सामना जादा वेळेत गेला. आता बरोबरी होती, बदली केली तरी घड्याळ थांबणार नव्हतं. म्हणजे सबबही उरली नाही. किप बिया चावत बघत राहिला आणि मार्लिसने त्याच्याकडे बघायचं टाळलं. तिच्या मुलींच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. आता उतरवू का, असं तिला दर वेळी वाटे, आणि दर वेळी तो गुडघा आठवे. भीतीने तिची मती गुंग झाली होती. चर्चमध्ये फक्त कॉफीपुरती डोकावणारी ही बाई मनात देवाला विनवत होती, एक गोल दे, लगेच पाठवते तिला. आपण त्या जुन्या कोचसारख्याच वागतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही ती तशीच वागत राहिली.

अगदी शेवटी ब्रॅकेटने दुसरा गोल मारला. फलकावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सेकंद राहिले.

"कॉरिन! ऊठ! पळ लवकर!"

कॉरिन जागची हलली नाही.

"अगं, ऐकलं नाहीस का? पंचबाई थांबल्यात!"

"मी नाही जात."

"वेड लागलंय का तुला?"

"शेवटचा सामना असला की उतरवता ना तुम्ही? मी उतरले तर हा शेवटचा ठरेल, कोच." तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. "तुम्ही शब्द दिलाय. पुढच्या आठवड्यात."

"कॉरिन, मी चुकले. चुकले गं मी. पण आता जा, माझ्यासाठी जा!"

साठीची बाई पोरीचा दंड धरून ओढत होती. शिटी झाली, चेंडू सुटला. पाठोपाठ भोंगा वाजला. ब्रॅकेटच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, लिंडग्रोव्हच्या असतील तिथेच आडव्या झाल्या. मार्लिसच्या मुठीत अजून कॉरिनच्या जॅकेटची बाही होती. किपने तोंड फिरवून डोळे पुसले.

मिसेस ग्रुंडी परात सांभाळत लगबगीने आल्या. लेकीला त्यांनी एका हाताने कवेत घेतलं आणि मार्लिसकडे वळल्या.

"कोच, मी मेली भित्री! जादा वेळ बघवेना म्हणून गाडीत डोळे मिटून बसले. कॉरिन नेमकी कधी उतरली हो? माझं बघायचं राहूनच गेलं."

मार्लिसने मुठीतली बाही सोडली.

"अगदी शेवटी गं, आई," कॉरिन म्हणाली. "थोडाच वेळ."

"आणि गुडघा? दुखला का?"

"नाही," कॉरिन म्हणाली. "जाणवलासुद्धा नाही."