डुकरांच्या गॅसची शेगडी

वासाच्या तक्रारींनी जीव नकोसा झाला, तेव्हा आटगावच्या देवराम गोजरनं डुकरांच्या घाणीच्या खड्ड्यावर जाड प्लास्टिक बांधलं. आतला गॅस नळीनं शेगडीला आणून जाळायचा होता. पण बायकोनं, धोंडूबाईनं ठणकावलं, “डुकरांच्या गॅसवर माझ्या घरात चहा पन व्हनार नाय!”

शेगडी गोठ्यातच राहिली. घरातलं कुणी तिला हात लावेना. प्लास्टिक मात्र रोज टम्म फुगायचं, आणि ते फाटू नये म्हणून देवराम दिवसभर नुसतं पाणी उकळत बसायचा.

काल शेजारचा सुयोग खुशीत आला. “काका, वास पार गेला! उद्या माझ्या हळदीला यायचंच.”

देवराम खेकसला, “आता बोलावतोस व्हय रे? वास व्हता तवा मी मोकळा व्हतो!”