पायरीवरचे बूट

डोळे तपासून समोरच्या किनाऱ्यावरच्या लुमुत गावाहून बोटीने बेटावर परतलो, तेव्हा माझ्या घराच्या पायरीवर बूट काढून कुणीतरी आत गेलेलं होतं.

माणूस काही दिसला नाही. बूटच दिसले. पण पांगकोर बेटावर इतकी वर्षं राहिलेल्याला तेवढं पुरतं. आमच्या गल्लीत दारावर पाट्या नाहीत, घंटा नाहीत. पायरीवरची पादत्राणं बघायची आणि समजून घ्यायचं. म्हातारी घरात आहे, सून माहेरी गेली आहे, धाकट्याला ताप आहे कारण शाळेचे बूट इथेच आहेत. मी बेल्जियमहून आलो तेव्हा मलाय भाषेच्या आधी हे वाचायला शिकलो. ते सोपं होतं.

हे बूट काळे होते, चामड्याचे, टाचेकडून झिजलेले आणि अवाढव्य. टोकं घराकडे वळलेली. शेजारी माझ्या निळ्या चपला होत्या. त्या बापाच्या दुकानात बसवलेल्या दोन पोरांसारख्या दिसत होत्या. माझी पावलं लहान आहेत. गेंटमध्ये माझं चष्म्याचं दुकान होतं, तेव्हाही स्वतःसाठी बूट घ्यायला मला शाळकरी मुलांच्या मजल्यावर जावं लागे आणि विक्रेती विचारी, "नातवाला बरोबर नाही आणलंत?"

मी अंगणात उभा राहिलो. आमच्याकडे दार लोटलेलं असतं, कुलूप कुणी लावत नाही. आलेल्या पाहुण्याला "कोण रे तू" विचारणं इथे फारच असभ्य समजतात. म्हणून मी लांबूनच, जरा घोगऱ्या आवाजात विचारलं, "चहा घेणार का?"

कुणी काही बोललं नाही.

मी तसाच वळलो आणि नेव्हिलकडे गेलो. नेव्हिल इंग्रज आहे, आमच्या किनाऱ्यावर तोही म्हातारपण काढायला आलाय. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो आणि गुडघा असतो.

"चोर असणार," तो म्हणाला. "पलीकडच्या किनाऱ्यावर दोन पाहुणेघरं साफ केलीत म्हणे या आठवड्यात."

"चोर बूट काढून आत जातो?"

"इथला असेल तर जाणारच. संस्कार आहेत लोकांवर."

"चेष्टा करू नकोस. तू चल माझ्याबरोबर."

"आलो असतो रे. पण हा गुडघा." त्याने गुडघ्यावर हात ठेवला, जणू तोच नको म्हणत होता. "मकचिकला सांग ना. ती बघ कशी हाकलते त्याला."

मकचिक झहारा माझी घरमालकीण आणि शेजारीण. मकचिक म्हणजे मावशी. गल्लीत सगळे तिला तेच म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. तिला सांगायला हरकत काहीच नव्हती, एक सोडून. तिच्या फोनमध्ये माझ्या मुलीचा नंबर होता.

गेल्या वर्षी मी जेट्टीवर घसरून पडलो. मी अजून उठलोही नव्हतो, तोवर लिसबेटकडे माझा फोटो पोचला होता. तेव्हा मी तिला शब्द दिला: यापुढे काही झालं, काहीही, तर मी गेंटला परत येईन. तिने तिथे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. खोलीच्या खिडकीतून बदकांचं तळं दिसतं. माहितीपत्रकात बदकांचे फोटो आहेत, म्हाताऱ्यांचा एकही नाही. आणि लिसबेट शनिवारी येणार होती, "सहज, बघून जायला". मी तिला दर रविवारी सांगत आलो होतो की इथे इतकं सुरक्षित आहे की मी दारसुद्धा लावत नाही.

तेव्हा मकचिक नाही. मी छत्री घेतली आणि एकटाच आत गेलो.

पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडताना डोळे मिटले होते, त्यामुळे ते दोनदा उघडावं लागलं. न्हाणीघरात पाण्याच्या पिंपात छत्री घालून ढवळलं. कुणी नव्हतं. मग छतावर काहीतरी धपकन पडलं आणि सरपटत गेलं. ते उदमांजर असतं, रोज असतं, रोज मी त्याला शिव्या देतो. त्या दिवशी दिल्या नाहीत.

संध्याकाळी धनेश पक्षी माझ्या मागच्या कठड्यावर उतरलेच नाहीत. फळं खायला रोज येतात. बाजूच्या नारळावर बसून माझ्या घराकडे टक लावून बघत राहिले. केळी संपली होती हे कारण मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

अंधार पडायच्या आत दाराला कडी लावली. मग लक्षात आलं की तो आतच कुठे लपला असेल तर मी स्वतःला त्याच्याबरोबर कोंडून घेतलंय. कडी काढली. मग सुचलं की तो बाहेर असेल. त्या रात्री त्या कडीने जेवढं काम केलं तेवढं तिने आधीच्या सगळ्या वर्षांत केलं नव्हतं.

सकाळी बूट तिथेच होते. पण टोकं आता बाहेरच्या बाजूला होती, आणि तळांना ओला चिखल. पाऊस झाला नव्हता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीटसं आठवत नाही. बूट कधी वरच्या पायरीवर असायचे, कधी खालच्या. एकदा एक बूट आडवा पडला होता, दमून आलेल्या माणसाने झटकावा तसा. एकदा पायरीच्या कडेला लवंगेच्या सिगारेटचं थोटूक सापडलं, अजून उबदार. मी हळूच विझवलं आणि खिशात घातलं. का घातलं ते विचारू नका. भ्यालेला माणूस काहीही खिशात घालतो. बूट उचलून समुद्रात फेकायचंही मनात आलं. पण ज्याचे इतके मोठे पाय आहेत त्याचे बूट फेकल्यावर तो काय करील, हा विचार केला आणि राहू दिले. तो कोण आहे आणि त्याला काय हवंय, याहून मला छळत होतं ते हे, की तो काही घेत नव्हता. पैसे जागच्या जागी, रेडिओ जागच्या जागी. नुसता यायचा आणि जायचा.

शनिवारी लिसबेटला जेट्टीवरून आणलं. बेटावरच्या टॅक्सीच्या गुलाबी व्हॅनमधून उतरली, पिशवी खांद्यावर, आणि थेट पायरीसमोर थांबली. माझी मुलगी तिच्या आईवर गेलीय, उंच आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"पपा, हे कुणाचे?"

माझी जीभ माझ्याआधी घाबरली होती. "मित्र आहे. झोपलाय."

"भर दुपारी?"

"कोळी आहे. रात्री बोटीवर जातो."

"नाव काय?"

"ओमार," मी म्हणालो. या नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही.

लिसबेटने आपले डोंगर चढायचे बूट काढले, हलक्या हाताने त्या बुटांशेजारी ठेवले, आणि दुपारभर कुजबुजत बोलली. ओमारची झोप मोडू नये म्हणून. बंद खोलीकडे बघून म्हणाली, "तू कधी सांगितलं नाहीस." मग दाराबाहेरच्या बुटांकडे बघून, "बरंय. मला वाटायचं तू अगदी एकटा असतोस. पडलास तर उचलायला कुणी नाही." तिच्या चेहऱ्यावरचा बदकांचा तलाव जरा लांब सरकल्यासारखा वाटला.

म्हणजे ज्याने मला झोपू दिलं नव्हतं, त्यानेच माझं घर वाचवलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण माझी मुलगी त्या घरात होती, आणि तो कुठे होता ते मला माहीत नव्हतं.

"उठल्यावर त्याला भूक लागेल," असं म्हणत तिने तळलेल्या शेवयांचं ताट मागच्या ओट्यावर झाकून ठेवलं. मी म्हटलं, नको ठेवूस. ती म्हणाली, "का, तुझा मित्र जेवत नाही?"

सूर्य कलल्यावर मी मागे डोकावलो. ताट रिकामं होतं. झाकण पुन्हा नीट लावलेलं. माकड झाकण लावत नाही.

लिसबेट न्हाणीघरात होती. तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता, आणि ती काहीतरी गुणगुणत होती, लहानपणी गुणगुणायची तसंच. मशिदीतून मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची बांग सुरू झाली. ती संपली, आणि समोरच्या पायरीची फळी करकरली.

ती फळी मला पाठ आहे. माझ्या वजनाला ती कुरकुरत नाही.

मग लवंगेचा वास आला, दाट. दाराच्या फटीतून मला एक हात दिसला. सावकाश पुढे आला आणि त्याने काळा बूट उचलला.

त्या क्षणी मी पुष्कळ विचार केला असं सांगायला मला आवडेल. मी एकच केला. तो आत आला तर आधी न्हाणीघराचं दार लागतं.

"लिसबेट," मी ओरडलो, "आतून कडी लाव. बाहेर येऊ नकोस. ओमार नाहीये. कुणी ओमार नाहीये. हे बूट कुणाचे मला माहीत नाही, आठवडाभर येतोय तो, मी तुला खोटं सांगितलं. मी येतो गेंटला. तू फक्त बाहेर येऊ नकोस."

आणि छत्री पुढे धरून दार उघडलं.

पायरीवर मकचिक झहारा उकिडवी बसली होती. एका हातात काळा बूट, दुसऱ्यात चिखलाने भरलेली करवंटी, आणि ओठांत पेटलेली सिगारेट. मला पाहून तिला ठसका लागला. तो थांबेना. मी छत्री बाजूला ठेवून तिच्या पाठीवर थोपटत राहिलो.

"पाक जो," अखेर ती डोळे पुसत म्हणाली (जो मी, आणि पाक म्हणजे काका), "तुम्ही असे ओरडता कशाला? माझा जीव गेला असता."

"तुमचा?"

"मग. बांग झाल्यावर या वेळेला तुम्ही मागे असता ना, पक्ष्यांना खायला घालत." तिने सिगारेट घाईघाईने विझवली. "हे मशिदीतल्या बायकांना सांगू नका. मला आवडत नाही ती. कामासाठी ओढते."

"कसलं काम?"

लिसबेट न्हाणीघरातून बाहेर आली होती, केस ओले, हातात पाण्याचा तांब्या उगारलेला. कडी लावली नव्हतीच. मकचिकने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्या निळ्या चपलांकडे. मग ती ओशाळली.

"पलीकडे चोऱ्या झाल्या," ती म्हणाली. "चोर आधी पायरी बघतो. कुणाच्या घरात पुरुष आहे, कुणाच्या नाही. आमच्या विधवा बायका नवऱ्याचे बूट बाहेर ठेवतात, सगळ्याच ठेवतात. आता तुमच्या पायरीवर..." ती अडखळली. "या चपला बघून चोर काय समजेल, पाक जो? की घरात एक शाळकरी पोर आहे, एकटं."

लिसबेटने तोंडावर हात ठेवला.

"म्हणून सिदेकचे बूट आणले. माझ्या नवऱ्याचे. केवढा माणूस होता, दारातून वाकून यायचा." तिने बूट मांडीवर घेऊन पुसला, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा चिखल लावला. "पण एका जागी पडून राहिले तर चोराला कळतं. रोज हलवावे लागतात. कधी चिखल, कधी सिगारेट. तो हीच ओढायचा."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुमचे पाय लहान आहेत म्हणून?" ती खरोखर दुखावली होती. "एवढ्या वयाच्या माणसाला असं तोंडावर सांगतं का कुणी?"

मग लिसबेटने विचारलं, "आणि शेवया?"

"ते ताट माझ्यासाठी नव्हतं?" मकचिक म्हणाली. "मागे झाकून ठेवलेलं दिसलं, मला वाटलं पोरीने आल्या आल्या आठवण ठेवली. मीठ कमी होतं. पण मी संपवलं, तुला वाईट वाटायला नको."

ती गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी ओरडून जे कबूल केलं होतं ते परत घेता येत नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

"काही झालं तर परत यायचं, असं ठरलं होतं," लिसबेट म्हणाली.

"हो. बॅग भरतो."

तिने सिदेकचा बूट हातात घेतला, आत डोकावून पाहिलं, आणि होता तसा ठेवला. मग जरा विचार करून तो तिरका केला.

"काय झालं पण?" ती म्हणाली. "मला तर काही झालेलं दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात मी तिला जेट्टीवर सोडलं तेव्हा तिच्या पायात बाजारातल्या रबरी चपला होत्या. डोंगरातले बूट ती मकचिककडे देऊन गेली, हलवण्याच्या सगळ्या सूचनांसकट. तेही माझ्या चपलांहून मोठेच आहेत.

चोर पलीकडच्या किनाऱ्यावर सापडला, आमच्या गल्लीत कधी आलाच नव्हता. मकचिकच्या मते त्याचं कारण स्पष्ट आहे. ती अजून रोज बूट हलवते. मला सगळं माहीत आहे, कुणाचे, कोण हलवतं, का. तरी लुमुतहून परतताना ते वेगळ्याच पायरीवर दिसले की माझ्या छातीत धस्स होतं, आणि मी अंगणातूनच विचारतो, चहा घेणार का. उत्तर येत नाही, याची खात्री करून घेतो आणि मगच आत जातो.