नळाच्या मुंग्या

त्या भाड्याच्या घराच्या वायरिंगने ताईचं डोकं पार पिकवलं होतं. मिक्सर लावला की बाहेरच्या खोलीतली ट्यूब मिचमिचायची, इस्त्री लावली की फटकन सगळं घर बंद. स्विचबोर्डातून तर आत कुणी कांदा परततंय असा चरचर आवाज यायचा. आणि बाईची नोकरी काय, तर तक्रार विभागात! दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर गोड आवाजात म्हणायचं, "आपली तक्रार नोंदवली आहे." घरी आल्यावर हिची तक्रार ऐकायला कोण? तर घरमालक.

घरमालकाचं नाव आईने 'बघू' ठेवलं होतं. मेला कशालाच नाही म्हणायचा नाही. "बघू ना ताई, बघू." एकदा वायरमन पाठवला, त्याने एक बल्ब बदलला आणि चहा पिऊन गेला. पुन्हा फोन केला तर म्हणतो कसा, "वायरिंग एकदम ठणठणीत आहे. तुम्हाला उगाच भास होतात." भास! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटावा तर तोही स्वतःचाच.

त्यात आईचं दुखणं निघालं. आई तिच्याकडेच राहायची, दोघींचंच घर. आईच्या हातांना मुंग्या यायला लागल्या आणि भांडी हातातून सुटायला लागली. कप गेले, बश्या गेल्या, एकदा पाण्याने भरलेलं पातेलं पायावर पडलं. "भांडी घासतानाच येतात गं मुंग्या," आई सांगायची. डॉक्टर म्हणाले, वयामुळे नसा कमजोर होतात, आणि गोळ्या दिल्या. ताईनेही तेच धरलं. "वय झालं की होतंच आई. उगाच मनाला लावून घेऊ नकोस." गोळ्या संपल्या, मुंग्या काही हटल्या नाहीत.

शेवटी ताईने भावाला फोन केला. हातातलं सुटणाऱ्या म्हातारीला दिवसभर गॅसपाशी एकटी ठेवायची कशी? भावाकडे वहिनी घरी असते. "थोडे दिवस जा," ताई म्हणाली. थोडे दिवस म्हणजे कायमचं, हे दोघींनाही कळत होतं. आईचे डोळे भरून आले. "मला इथंच बरं वाटतं गं," एवढंच ती म्हणाली. ताईने न ऐकल्यासारखं करून बॅगेची चेन ओढली.

भाऊ यायच्या दिवशी ताईने रजा घेतली. आईने नेहमीसारखा भांड्यांसाठी गीझर लावला, तर ताईने तिला खुर्चीत बसवलं आणि पदर खोचून स्वतः सिंकपाशी गेली. तेवढ्यात तिच्या रबरी चपलेचा पट्टा तुटला. चपला भिरकावून ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि नळाला हात लावला.

"आई गं!"

हातातला काचेचा पेला खाली पडून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. बोटांपासून कोपरापर्यंत सणकन काहीतरी चढलं होतं. नळात करंट! ताईच्या पायात सदा चपला. ओल्या फरशीवर घसरायला होतं म्हणून आई मात्र कायम अनवाणी.

"आई, तुला ह्या मुंग्या यायच्या?"

"मग आणखी कसल्या? मुंग्याच म्हणतात ना ह्याला?" आई म्हणाली. "तुला सांगत तर होते, भांडी घासताना येतात म्हणून."

ताईला तिच्याकडे बघवेना. आपणही घरमालकासारखं तिला 'बघू'च म्हणत आलो, हे तिला फार लागलं. तिने आधी आईला सिंकपासून दूर बसवलं, मग घरमालकाला असा फोन लावला की तो तासाभरात वायरमनला घेऊन हजर. बूट घालूनच थेट स्वयंपाकघरात शिरला आणि ऐटीत नळावर हात ठेवला.

"कुठाय करंट? बघा! आजींचं वय झालंय हो."

"बूट काढा," आई खुर्चीतून म्हणाली.

"अं?"

"बूट काढा, मोजे काढा आणि मग लावा हात."

घरमालकाने वायरमनकडे पाहिलं. वायरमनने नळाला टेस्टर टेकवला. आतला दिवा लाल झाला. घरमालकाने हात असा मागे घेतला की कोपर फ्रिजवर आपटलं. वायरमनने गीझर बंद करून प्लग काढला, बोर्डाचं झाकण उघडलं. आतून अर्थिंगची वायर नुसती भिंतीत गेली होती, पुढे कशालाच जोडलेली नव्हती.

"साहेब, अख्ख्या घराचं वायरिंग काढावं लागेल," तो म्हणाला.

"अख्ख्या?" घरमालक कोपर चोळत म्हणाला. "बघू. रंगकाम निघेल तेव्हा बघू."

ताईने दार उघडून धरलं, आणि दोघं बाहेर पडल्यावर ते धाडकन लावलं. मग आईची बॅग ओढली आणि चेनला हात घातला.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"कपडे परत कपाटात ठेवते. तू कुठेही जाणार नाहीस. दादाला मी सांगते."

"राहू दे ती तशीच," आई म्हणाली. "माझी भरलेली आहे. तू तुझी भर."