दोन जामीन

“इथे, इथे, आणि मागच्या पानावर इथे,” साहेब पेन्सिलीने फुल्या मारत म्हणाले. फिटरला त्यातलं शेवटचं ‘इथे’ तेवढं ऐकू आलं. पण फुल्या दिसत होत्या, त्यामुळे काही अडलं नाही.

फायनान्स कंपनीचं ऑफिस नवं होतं. काचेचं दार, आत एसीची घरघर, आणि त्या घरघरीत साहेबांचा आवाज साखरेसारखा विरघळून जात होता. साहेब पंचविशीतले, भराभर बोलणारे. फिटर त्यांच्या तोंडाकडे बघत बसला होता. भुवया वर गेल्या की प्रश्न आहे असं समजायचं आणि ‘हो’ म्हणायचं. ते हसले की आपणही हसायचं. गेली तीन-चार वर्षं तो सगळीकडे असंच निभावून नेत होता.

“कर्ज कशासाठी?” साहेबांनी मान वर करून विचारलं, तेव्हा मात्र शब्द नीट पोचले.

“घराचं काम काढलंय,” फिटर म्हणाला.

साहेबांनी ते लिहून टाकलं. कागदांचा गठ्ठा त्याच्यासमोर सरकवला आणि हाताने खूण करून सांगितलं, झेरॉक्स काढा, सह्या करा, उद्या आणून द्या. परवा पैसे. जामीन नको, चौकशी नको. फिटरला हेच हवं होतं. तो गठ्ठा काखेत मारून बाहेर पडला.

घराचं काम वगैरे काही नव्हतं. काम कानांचं होतं.

तीस वर्षं तो आसपासच्या शेतांवरचे पंप दुरुस्त करत होता. त्याला नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं, बायकोसुद्धा चारचौघांत त्याला फिटरच म्हणायची. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग गेलंय की शाफ्ट वाकलाय, तो खोलायच्या आधी सांगायचा, आणि खोलल्यावर तसंच निघायचं. गेल्या हंगामात मळेवाल्यांचा पंप त्याने असाच ऐकला आणि “ठणठणीत आहे” म्हणून सांगितलं. चार दिवसांनी पंप जाम झाला, मोटर जळली, आणि ऐन फुलोऱ्यात दोन एकर भाजी पाण्यावाचून बसली. मळेवाले एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी बाजारगावातला मेकॅनिक बोलावला, एवढंच.

त्यानंतर तो गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. दोन्ही कानांना मशीन लावावं लागेल, चांगल्यातलं लावा, साधं लावलंत तर मोटरचा आवाज आणि माणसाचा आवाज एकच वाटेल, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. किंमतही लिहून दिली. पंच्याण्णव हजार. हंगाम तोंडावर आला होता. महिन्याभरात शेतोशेतीचे पंप बाहेर निघणार, आणि वर्षाची निम्मी कमाई त्या तीन महिन्यांत व्हायची.

झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं. दुकान चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांच्या मशीनखालून अख्ख्या पंचक्रोशीचे कागद जायचे. सातबाराचे, शाळेचे, कोर्टाचे. त्यांनी गठ्ठा घेतला, चार पानं काढली आणि पाचव्या पानावर थांबल्या. चष्मा डोळ्यांवर आला.

“फिटरदादा, वाचलंत का हे?”

“हो.” भुवया वर गेल्या होत्या.

“ह्यात विम्याचे साडेसहा हजार कापलेत. कसला विमा म्हणावा, तर शेती अवजारांचा. तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे?”

“डॉक्टर? त्यांनीच तर सांगितलं मशीन घ्या म्हणून.”

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. “कसलं मशीन?”

हा प्रश्न फिटरला ऐकू आला आणि आपण काय बोलून बसलो तेही त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात आपोआप कानाकडे गेला.

ताईंनी खराब निघालेल्या झेरॉक्सचा एक कागद उलटा केला आणि मोठ्या अक्षरांत लिहायला लागल्या. कर्ज एक लाख. त्यातून विमा, फी, कागदपत्रांचा खर्च असे अकरा हजार आधीच कापणार. हातात एकोणनव्वद हजार. हप्ता पाच हजार सहाशे सदुसष्ट, चोवीस महिने. एकूण भरायचे एक लाख छत्तीस हजार.

“साहेब तर म्हणाले, फक्त दीड टक्का,” फिटर म्हणाला. एवढं त्याने बरोबर ऐकलं होतं.

ताई आता शब्द तोडून, त्याच्याकडे तोंड करून बोलल्या. “महिन्याला दीड. आणि तेही कायम पूर्ण लाखावर. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे पाच हजार उरलेले असतील, तरी व्याज लाखाचंच. आमच्या ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मीपण अशीच सही केली होती. चार वर्षं फेडत बसले. तेव्हापासून माझ्या दुकानात आलेला कागद मी वाचते. कोणाला आवडो न आवडो.”

“मग करू काय?”

“धान्याच्या गोदामामागची पतसंस्था. तिथे वर्षाला बारा टक्के, तेही उरलेल्या रकमेवरच.”

“तिथे दोन जामीन लागतात.”

“लागतात.”

जामीन सभासद असायला हवा, आणि पतसंस्थेचे सभासद म्हणजे सगळे शेतकरी. म्हणजे त्याचीच गिऱ्हाइकं. त्यांच्या दारात जाऊन सांगायचं, की तुमच्या पंपाचं दुखणं ओळखणारा माणूस बहिरा झालाय, आणि आता सही करा. तो हातातला कागद बघत राहिला. हातात येणारे आणि घरातून जाणारे पैसे, यांत सत्तेचाळीस हजारांचा फरक होता. न सांगण्याची ती किंमत होती.

“झेरॉक्सचे किती झाले?” त्याने विचारलं.

“चार पानांचे काय घ्यायचे,” ताई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचा कागद मशीनवर ठेवला.

पतसंस्थेची खोली जुनी, अंधारी, पोत्यांच्या वासाची. तिथले सेक्रेटरी सुकलेल्या काटकीसारखे होते आणि प्रश्न विचारण्यासाठी बदनाम होते. हंगामात किती मिळतात? एरवी? कुठल्या महिन्यात काहीच मिळत नाही? घरात कमावतं कोण? फिटरने बायकोचा शिलाईचा धंदा सांगितला. अर्धे प्रश्न त्याला दोनदा विचारावे लागले.

“आणि कर्ज कशासाठी?”

“घराचं काम.”

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. “कुठलं? छप्पर? भिंत?”

फिटरला भिंत सुचेना. सेक्रेटरी उठले, दाराशी उभ्या असलेल्या दोघांना बाहेर थांबायला सांगून दार लोटलं आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसले.

“हे बघा, मला तुमच्या घरात डोकवायची हौस नाही. पण पैसे कुठे जाणार हे कळल्याशिवाय ते परत कुठून येणार हे मला कळत नाही.”

फिटरने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली. सेक्रेटरींनी ती दोनदा वाचली.

“मशीन पंच्याण्णव हजारांचं. मग लाख कशाला मागता?”

“लाख म्हटलं की बरं वाटतं.”

“कोणाला?” सेक्रेटरी म्हणाले आणि पहिल्यांदाच किंचित हसले. “पंच्याण्णवच घ्या. हंगामाच्या महिन्यांत मोठा हप्ता ठेवू, बाकीच्या महिन्यांत लहान. व्याज सगळं मिळून तेरा हजारांच्या आत-बाहेर. पण दोन जामीन आणा. ते मला सोडता येत नाही. आणि जामिनांना खरं कारण सांगा. उद्या हप्ता थकला तर त्यांच्या दारात मी जाणार आहे.”

त्या रात्री नाही म्हटलं तरी त्याला फायनान्सच्या फुल्या आठवत राहिल्या. सोप्या होत्या त्या. सकाळी तो सायकल काढून निघाला.

पहिल्या शेतावरच्या काकू भाजीच्या जुड्या बांधत होत्या. फिटरने आडवळण न घेता सांगून टाकलं. काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?”

“नाही.”

“अहो, दोन वर्षं झाली, मी बांधावरून हाका मारते आणि तुम्ही सरळ निघून जाता. मी ह्यांना म्हणायचे, फिटरला माज आलाय.” त्यांना हसू आवरेना. मग पदराने हात पुसून त्यांनी सही केली.

दुसरी सही इतकी सोपी नव्हती. एक जण म्हणाला, मुलाला विचारतो. एकाने खूप चौकशी केली, चहा पाजला आणि शेवटी सांगितलं की आमच्या घरात जामीन राहायचं नाही असं ठरलंय. त्याच आठवड्यात त्या माणसाने आपला पंप बाजारगावात पाठवला. तिसऱ्या घरी फिटर बोलत असताना आतल्या बाईने नवऱ्याला काहीतरी खूण केली, ती त्याला स्पष्ट दिसली. ऐकू येत नसलं की माणसाला दिसतं फार.

फायनान्सच्या साहेबांचे फोन येत होते. फोनवरचं त्याला कधीच कळायचं नाही, म्हणून बायकोने घेतला. “नको म्हणून सांगू?” तिने खुणेने विचारलं. तो क्षणभर घुटमळला. मग मान हलवली. नकोच.

आणखी चार-पाच दारांतूनही तो तसाच परतला. आता सभासदांपैकी ओळखीचे एकच उरले होते, मळेवाले. तो तिथे पोचला तेव्हा ते विहिरीजवळ पाइपचे तुकडे मोजत उभे होते. फिटरने चप्पल काढली. शेतात कोणी चप्पल काढत नाही, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

“मागच्या वर्षी तुमचा पंप माझ्यामुळे गेला,” तो म्हणाला. “बेअरिंग वाजत होतं. मला ऐकू आलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.” मग कर्जाचं सांगितलं. बोलताना आपला आवाज किती मोठा होतोय याचा त्याला अंदाज नव्हता. लांबच्या वाफ्यातले मजूर वळून बघायला लागले, तेव्हा त्याला कळलं.

मळेवाले त्याच्याकडे पाठ करून विहिरीत बघत राहिले. ते काहीतरी बोलले. मान हलली, खांदा हलला, म्हणजे बोलले नक्की, आणि बराच वेळ बोलले. तोंड दिसत नसल्यामुळे फिटरला त्यातलं अक्षर कळलं नाही. शिव्या दिल्या असतील, नाहीतर आणखी काही. मग ते तडक घरात गेले. फिटर उन्हात उभा राहिला. निघावं की थांबावं, हे ठरवता येईना.

थोड्या वेळाने मळेवाले चष्मा लावून बाहेर आले. हात पुढे करून कागद मागितला, पाइपवर ठेवून सही केली, तारीख घातली आणि पुन्हा तुकडे मोजायला लागले.

ते काय बोलले होते, हे फिटरने कधी विचारलं नाही. पंपासाठी मळेवाल्यांनी त्याला त्या वर्षीही बोलावलं नाही.

सगळं होऊन पैसे मिळायला एकोणीस दिवस गेले. संचालकांची बैठक एकदा पुढे ढकलली गेली. तोवर हंगाम सुरू झाला होता आणि तीन-चार जुनी गिऱ्हाइकं तुटली होती. फिटर बहिरा झाला ही बातमी त्याच्या सायकलीच्या पुढे धावत होती. सेक्रेटरींनी चेक देताना पहिल्या हप्त्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दिली. फिटरने ती चिठ्ठी दोनदा घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

मशीन बसवायला बायको बरोबर गेली. बसवणाऱ्याने बारीक स्क्रू फिरवत आवाज कमी-जास्त केला आणि तिला सांगितलं, “बाई, आता ओरडायचं नाही हं. नेहमीसारखं बोलायचं.” ती हसली आणि परतीच्या बसमध्ये काही बोललीच नाही. बसच्या इंजिनाने फिटरचं डोकं उठलं होतं. मागच्या सीटवर कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, तर तो दचकला.

घरी आल्यावर तो दुपारभर ओट्यावर बसून राहिला. कोपऱ्यावरची चक्की, कोणाची तरी खोकला काढणारी मोटरसायकल, चिमण्या. चिमण्या इतक्या बोलतात हे तो विसरून गेला होता.

“दार ओढून घ्या. धूळ येतेय.”

आतून आवाज आला आणि फिटर चमकला. थकलेला, थोडा कापरा, शब्दाच्या शेवटी खाली बसणारा आवाज. त्याला वाटलं सासूबाई आल्या. हुबेहूब त्यांचाच. पण सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. तो उठला आणि दारातून आत डोकावला.

आत बायको एकटीच होती. शिलाईच्या मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होती. चार वर्षं तिचं ओरडणंच तेवढं त्याच्यापर्यंत पोचलं होतं, आणि ओरडताना माणसाचं वय कळत नाही. त्याच्या मनात होता तो आवाज चार वर्षांपूर्वीचा होता, कदाचित त्याच्याही आधीचा. तो आवाज कधीतरी, तो ऐकत नसताना, निघून गेला होता.

तिने मान वर केली. “काय झालं? ऐकू नाही आलं?”

“आलं,” तो म्हणाला, आणि दार हलकेच ओढून घेतलं.