फाळणीचा धातू

घटस्फोटाच्या अर्जावर सही करता करता धातुसर मध्येच थांबले. वकीलबाईंना वाटलं, गृहस्थाचं मन पालटलं. पण सरांचं बोट ‘विभक्त’ या शब्दावर होतं.

“गंमत बघ,” ते शेजारच्या खुर्चीतल्या बायकोला म्हणाले, “विभक्त आणि भक्ती, दोन्ही एकाच धातूतून आलेत. भज् म्हणजे वाटून घेणं.”

“सही कर,” बायको म्हणाली. “मला पुढे तास आहे.”

दोघंही एकाच विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवायची. शब्दांच्या मुळाशी गेल्याशिवाय सरांना घास उतरत नसे, म्हणून मुलांनी त्यांना ‘धातुसर’ करून टाकलं होतं. बायको तमिळ, मलाय अशा भाषांतली जाणकार. तिला मुलं नुसतंच ‘मॅडम’ म्हणत आणि जरा टरकून असत. भांडण म्हणाल तर दोघांत कधी झालंच नव्हतं. दोघं एकमेकांशी इतक्या समजुतीनं वागत आली, की शेवटी बोलायला काही उरलं नाही. घर मॅडमकडे राहिलं, सरांनी विद्यापीठामागे एक खोली घेतली. सरांच्या आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “मी सुनेकडेच राहते. तुझ्या खोलीत ऊन येत नाही.”

वाटणी झाली नाही ती एका निबंधाची. फाटणं, फुटणं, चिरणं, दुभंगणं या अर्थाचे शब्द दोघं कित्येक वर्षं भाषाभाषांतून वेचत होती. संस्कृतात फल् म्हणजे फुटणं, जर्मनमध्ये श्पाल्टन, तमिळमध्ये पिळ, मलायमध्ये बलाह, तुर्कीत ब्योल. कुळं वेगळी, पण सगळीकडे ओठ मिटून उघडायचे आणि मागून ल नाहीतर ळ. सरांची खात्री होती, की ही कुळं वेगळी होण्याआधीचा हा एकच धातू आहे. “म्हणजे माणसं एकमेकांपासून तुटली, तेव्हा तुटण्याचा शब्द त्यांच्याजवळ तयार होता,” असं ते व्याख्यानात सांगत आणि टाळ्यांसाठी क्षणभर थांबत.

निबंध पुरा करायचा म्हणून सर दर रविवारी जुन्या घरी येऊ लागले. जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसत. आई आतून चहा पाठवी, म्हणजे मॅडमना हाक मारून न्यायला लावी.

अशाच एका रविवारी मॅडम म्हणाल्या, “यावर माझं नाव घालू नकोस.”

“का?”

“मी ‘जोडणं’ या अर्थाचे शब्द घेऊन बघितले. चिकटणं, शिवणं, बांधणं. तुझेच नियम लावले, तुझ्याइतकीच सूट घेतली. तेवढीच साम्यं निघाली. इतकी सूट घेतली तर कशाचंही कशाशी नातं लागतं.”

सरांची कानशिलं तापली. “इतकी वर्षं गप्प बसलीस आणि आता सांगतेस?”

“इतकी वर्षं नवरा होतास. वाटायचं, घरात कशाला वाद.”

“म्हणजे माझं सगळं काम फुकट?”

“निम्मं. निम्मं माझं होतं.”

मग मात्र दोघांची चांगलीच जुंपली. वीस भाषा टेबलावर आल्या, सरांनी मूठ आपटली, मॅडमनी त्यांना ‘हट्टी’ म्हटलं आणि सरांनी मॅडमना ‘कोरडी’. आवाज ऐकून आई भिंत धरत दारापर्यंत आली. घाबरली असेल म्हणून दोघं चपापली. ती म्हणाली, “चालू दे तुमचं. आज जरा घरात माणसं आहेत असं वाटतंय.”

सरांनी निबंध भाषाशास्त्राच्या एका त्रैमासिकात एकट्याच्या नावानं छापला. पुढच्याच अंकात मॅडमनी त्याचा शांतपणे, एकही कडवा शब्द न वापरता पार चुराडा केला. सरांनी ते आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचलं. मग उत्तर लिहायला बसले, आणि ध्यानात आलं, की मलायचं त्यांना ओ की ठो कळत नाही. विचारायचं कुणाला? जिच्याविरुद्ध लिहायचं तिलाच.

रविवारी ते कागद घेऊन हजर झाले. मॅडमनी चष्मा चढवून वाचलं. “हा तर दुसऱ्या भाषेतून उसना आलेला शब्द आहे, काढ. ठेवलास तर मी नेमकी इथेच तुला धरीन.”

“मग धर की. मला कशाला सावध करतेस?”

“तू चुकीच्या कारणानं हरलास तर मला मजा नाही,” त्या म्हणाल्या, आणि तो शब्द खोडून त्यांनी दुसरा, बिनतोड शब्द सुचवला.

सरांना राग यायला हवा होता. पण इतक्या नीट लक्ष देऊन तिनं आपलं शेवटचं कधी वाचलं होतं, हे त्यांना आठवेना. ते उठले, आतून दोन कप चहा घेऊन आले आणि पुढचं पान तिच्याकडे सरकवलं.

उत्तर छापलं. मॅडमचं प्रत्युत्तर आलं. त्यावर सरांचा खुलासा, खुलाशावर मॅडमची टीप. अखेर संपादकांचा दोघांना निरोप आला, की वाचक कंटाळले आहेत आणि हा वाद आता इथेच थांबवत आहोत.

दोघांना ते सारखंच झोंबलं. त्या रविवारी दोघांनी मिळून संपादकांना कडक पत्र लिहिलं. विषय अजून कसा अर्धवट आहे, निदान तीन अंक तरी कसे लागतील, हे पटवून दिलं. मसुदा एका बैठकीत झाला. एकदाही शब्दाला शब्द लागला नाही. अडलं फक्त सहीपाशी, आधी कुणाची म्हणून. त्यावर ती दोघं अंधार पडेपर्यंत भांडत होती आणि आई आत जेवणाची तीन पानं मांडत होती.