रिकामे कासव

एमरीच्या कानामागची जखम काळी पडली होती, पण तिच्यात पू नव्हता. आणि पू नाही म्हणजे काळजी नाही, असे वस्तीवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांत तीनदा सांगितले होते. लव्हिनाला, त्याच्या आजीला, ते तेव्हाही पटले नव्हते. बरी होणारी जखम आकसते. ही पसरत होती, आणि एवढे कळायला वैद्यक शिकावे लागत नाही. तरी ती गप्प राहिली. आता दोन तासांच्या वाटेवरच्या शहरात, इस्पितळातल्या खाटेवर ते मूल रडण्याइतकेही त्राण नसल्यासारखे पडले होते.

डॉक्टर होल्मक्विस्ट या साठीच्या बाई रक्ताचा अहवाल घेऊन आल्या.

"पांढऱ्या पेशी हव्यात त्याच्या पाचपट आहेत. जखमेत मात्र एकही नाही. कर्करोग म्हणावा, तर तसंही दिसत नाही."

"मग काय म्हणायचं ते लवकर म्हणा," कॅमिल म्हणाली. मुलाची आई; दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "'म्हणावं तर' ऐकून कान किटले माझे."

बाईंनी दवाखान्याचा कागद उलटला. "नाळ दहाव्या दिवशी पडली ना?"

"दहाव्या? अजून पडलीच नाहीये." कॅमिल आईकडे वळली. "माझी कामाची पाळी होती म्हणून तुला पाठवलं. सांग म्हटलं होतं ना त्यांना?"

लव्हिनाने सांगितले नव्हते. लाकोटा या त्यांच्या मूळनिवासी जमातीत मूल जन्मले की त्याच्यासाठी मण्यांची दोन कासवे शिवतात. एकात पडलेली नाळ जपायची, दुसरे रिकामे ठेवायचे. मुलाच्या वाईटावर असलेल्याने फसावे, म्हणून कोणते रिकामे हे कुणालाही सांगायचे नाही. तिने रिकामे आधीच मुलाला उचलून न्यायच्या पाळण्याला टांगले होते. आपल्याला वस्तीवरच्या चालीरीती ठाऊक असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या दवाखान्यातल्या त्या नव्या डॉक्टरांनी ते पाहिले, "पडली वाटतं नाळ" असे म्हटले आणि पोटपट्टा न सोडताच कागदावर अंदाजाने दहावा दिवस लिहिला. रिकामे कोणते ते फुटू नये म्हणून तिने नाही म्हटले नाही.

बाईंनी पोटपट्टा सोडला. नाळेचे काळे, ओलसर देठ जागेवरच होते. भोवतीची कातडी लालभडक.

"आज कितवा दिवस?"

"त्रेचाळिसावा," लव्हिना म्हणाली. मोजण्यात तिने कुचराई केली नव्हती.

बाई स्टुलावर बसल्या. "आजी, नाळ उगीच गळत नाही. या पांढऱ्या पेशी तिथे जाऊन ती सोडवतात. रक्तातून वाहता वाहता त्या आधी रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जातात, मग भिंत घट्ट धरतात, मग फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. याच्या पेशींना ते धरणंच जमत नसावं. म्हणून रक्त गच्च भरलंय, आणि जखमेत कोणी पोचत नाही. पू या पेशींचाच होतो, तो होणार तरी कशाचा?"

"मग सुईने काढून जखमेवर घाला," लव्हिना म्हणाली.

"तसं होत नाही. दुसऱ्याच्या पेशी रक्तातून देऊ, पण त्या दिवसभर टिकतात. तपासणीत हेच निघालं, तर खरा इलाज हाडातली मज्जा बदलणं. सख्खं भावंड आहे?"

"जोसेट. पाच वर्षांची," कॅमिल म्हणाली. "जुळेल?"

"चारात एक, एवढीच आशा. तिचं रक्त आजच मिळालं तर बरं."

बाई गेल्या. कॅमिल मुलाच्या पावलावर बोट ठेवून उभी होती.

"तीन आठवडे, आई."

"हो."

"लपवायचं ते कासव. पोराला कशाला लपवलंस?"

पट्टा सोडून पाहणे डॉक्टरांचे काम होते, असे लव्हिनाला म्हणता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. पण त्या खरेपणाने एकही पेशी भिंतीपलीकडे जाणार नव्हती. तिने किल्ल्या उचलल्या.

"जोसेटला घेऊन येते."

"सुईचं बोलू नकोस तिच्याशी. वाटभर रडेल."

"रडू दे. सांगणार आहे. मज्जेचंही सांगणार."

बाहेर वाऱ्याने बर्फाची भुकटी रस्त्यावर आडवी धावत होती. जायला दोन तास, यायला दोन तास. एमरीजवळ तेवढे तास आहेत का, हे तिने बाईंना विचारले नव्हते. बाईंनीही आपण होऊन सांगितले नव्हते. तिने गाडी सुरू केली आणि काच पुरती साफ होण्याची वाट न पाहता ती निघाली.